अनुमोदना कशाची?

नातेपुते हे आळंदी-पंढरपूर पालखी मार्गावरील बाजाराचे गाव. तेथील एखाद्या जैन पेढीवर बौद्धिक दिव्यांगत्व असलेला तिशीतला मुलगा बसला आहे, अशी कल्पना करावी. दोन तास तो निमूटपणे पिशव्यांच्या घड्या घालतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मग तो गल्ल्यावर जोराने हात आपटतो. त्यासरशी वडील धावतात, काका रागावतात, आजी हातावर पेढा ठेवते. घराच्या लेखी प्रसंग मिटला. मुलाच्या लेखी मात्र घड्यांची रक्कम बुडाली आणि आपटण्याचे दाम रोख मिळाले.

मानसशास्त्र यास प्रबलन म्हणते. ज्या कृतीपाठोपाठ हवेसे काही मिळते, ती कृती वाढते. दिवसभर दुर्लक्षित राहणाऱ्यास रागावणेसुद्धा हवेसे वाटू शकते. कृत आणि कारित यांच्या जोडीने अनुमोदितही कर्मबंधास कारण होते, हे आपल्या घरांत लहानपणीच सांगितले जाते. परंतु आपण नकळत कशाची अनुमोदना करीत आहोत, हे पेढीवर कोण तपासतो?

1949 साली अमेरिकेत पॉल फुलर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंथरुणास खिळलेला 18 वर्षांचा तरुण काही शिकूच शकणार नाही, असे मानले जात होते. त्याने उजवा हात हलविला की तोंडात साखर घातलेले कोमट दूध सोडण्यात येई. थोड्याच बैठकांत हात अधिक वेळा हलू लागला. ‘याला काही कळत नाही’ या समजुतीस तो मोठा धक्का होता. मात्र त्या प्रयोगासाठी तरुणास उपाशी ठेवले होते, हेही नोंदविले पाहिजे. जेवण, झोप आणि माया ही माणसाची हक्काची शिल्लक आहे. तिच्यातून बक्षिसे कापता येत नाहीत.

बक्षीस खाण्याचेच असावे असेही नाही. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तानंतर पेढ्याचा उपयोग तरी काय? कोणास तराजूजवळ बसणे प्रिय, कोणास गिऱ्हाइकाच्या हाती स्वतः पुडा देणे. आवड त्याची पाहावी, आपली नव्हे. प्रौढास लहान मुलासारखे टाळ्या वाजवून चुचकारणेही बरे नव्हे. ‘दहा घड्या नीट झाल्या’ एवढे त्याच क्षणी, नावाने सांगितले तरी पुरते. महिनाअखेरीस आणलेल्या मिठाईचा आजच्या कामाशी संबंध त्याला लागत नाही. येथे उधारी चालत नाही.

आरंभी आठवडाभर वहीत तीन रकाने ठेवावेत: आधी काय घडले, त्याने काय केले, लगेच काय मिळाले. व्यापारी घरास ही खतावणी अवघड नाही. आपटणे लक्ष वेधण्यासाठी आहे असे दिसल्यास, बाहीस हात लावून बोलावण्याची रीत शिकवावी आणि तसे बोलावताच हातातले काम टाकून उत्तर द्यावे. दुखणे, भीती वा गोंगाट हे कारण निघाल्यास मार्ग निराळा. दुखण्यासाठी आधी डॉक्टर.

आपटण्यास मिळणारे लक्ष बंद झाले की पहिले काही दिवस ते कधी कधी वाढते. नेमके तेव्हाच आजीचे मन द्रवते आणि सहाव्या दिवशी पेढा निघतो. कधीमधी मिळणारे फळ सर्वांत चिवट सवय लावते. पुढच्या वेळी तो अधिक काळ आपटतो. म्हणून आरंभ करण्यापूर्वी आजी, काका, दुकानातील नोकर आणि पालखीच्या मुक्कामाला येणारे पाहुणे, या सर्वांना एकदा एकत्र बसवून काय करायचे ते ठरवावे लागते. त्या बैठकीस मुलालाही बसवावे.