आलेख कुठे आहे?

एका नमुन्यात एक पायरी राहून गेली होती. डब्लिनच्या प्रयोगशाळेत मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांत गोवराचा विषाणू शोधत होते. गोवराचा विषाणू आरएनएचा. पीसीआर चाचणीत चक्रागणिक वाढतो तो डीएनए. म्हणून आधी आरएनएची डीएनए प्रत काढावी लागते. नेमकी हीच पायरी राहिली. तरीही विषाणू ‘सापडला’, आणि पायरी पूर्ण केलेल्या नमुन्यांत जितक्या चक्रांनंतर सापडत होता, जवळपास तितक्याच चक्रांनंतर सापडला. ज्या विषाणूला डीएनए नसतोच, त्याचा डीएनए वाढत होता! म्हणजे यंत्र गोवर मोजत नव्हते. ते कंटॅमिनेशन मोजत होते.

या प्रयोगशाळेच्या 2002 च्या शोधनिबंधात यातले काही दिसत नव्हते. तिथे आकडे होते: आतड्याचा आणि विकासाचा विकार असलेल्या 91 मुलांपैकी 75 पॉझिटिव्ह, तुलनेसाठी घेतलेल्या 70 जणांपैकी फक्त 5. गोवराच्या लशीमुळे ऑटिझम होतो म्हणणाऱ्यांना एवढे पुरेसे होते. पीसीआरचे तज्ज्ञ स्टीफन बस्टिन यांनी मूळ नोंदी उघडून एकेक रन तपासला, तोही खटला उभा राहिला म्हणून. 2007 मध्ये अमेरिकेच्या लस-भरपाई न्यायालयात त्यांनी साक्ष दिली. 2009 मध्ये दावा फेटाळला गेला. मधली सात वर्षे ते आकडे लशीला घाबरलेल्या आईबापांच्या हातात होते.

चक्रागणिक वाढ मोजणारी ही पीसीआर पद्धत मुळात बघण्यासाठी जन्मली. त्याआधी पीसीआर संपल्यावर जेलवर पट्टी उमटली की नाही, एवढेच कळायचे. 1992-93 च्या सुमारास संशोधक रसेल हिगुची आणि सहकाऱ्यांनी नळ्यांवर अतिनील प्रकाश टाकला, समोर कॅमेरा लावला आणि दर चक्रागणिक वाढत जाणारी चमक टिपली. शेवट नव्हे, वाटचाल दिसू लागली. आजही पडद्यावर तेच दिसते. रेषा तळाशी सपाट सरकत राहतात. मग एखादी वळते, चढते, वर जाऊन पुन्हा सपाट होते. खऱ्या वाढीचे वळण गुळगुळीत असते. मध्येच उसळलेली किंवा तिरकी रांगत वर गेलेली रेषा सरावलेल्या डोळ्याला लगेच खटकते. आणि ज्या खळग्यात नमुन्याऐवजी नुसते पाणी घातले आहे, त्याची रेषा चाळिसाव्या चक्रापर्यंत हलता कामा नये. ती हलली, तर त्या प्लेटवरच्या पॉझिटिव्हांवर विश्वास कसा ठेवायचा?

एवढे सगळे यंत्र टिपते, आणि रिपोर्टात उतरतो एक शब्द. फार तर एक आकडा.

2021 च्या कोविडच्या लाटेत तो आकडा महाराष्ट्रात घराघरांत पोहोचला. सीटी व्हॅल्यू किती, हे लोक फोनवर एकमेकांना विचारत. पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा 24 वर आणावी का, असे राज्याने विचारले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 35 च कायम ठेवली. दर चक्राला दुप्पट वाढ धरली, तर या 11 चक्रांत सुमारे 2000 पटींचा फरक पडतो. वाद गैर नव्हता. पण ज्या रेषेने उंबरठा ओलांडला की हा आकडा जन्मतो, ती रेषा कुणी मागितली नाही. यंत्राने आपोआप उंबरठा लावला, त्यावर माणसाने नजर टाकली का, हेही कुणी विचारले नाही.

2009 मध्येच बस्टिन आणि इतरांनी एमआयक्यूई नावाची नियमावली काढली. डीएनए प्रतीची पायरी मुद्दाम गाळून केलेली चाचणी, पाण्याचा खळगा, सगळे सांगा, असे ती संशोधकांना बजावते. निदान करणाऱ्या प्रयोगशाळांकडून रुग्णाने याहून कमी का मागावे? फाइल यंत्रात असतेच. ती जपून ठेवायला जागा फारशी लागत नाही, डॉक्टरने मागितल्यावर पाठवायला वेळही लागत नाही. त्या दिवशी पाण्याची रेषा सपाट होती की नाही, एवढे कळण्यासाठी खटला का भरावा लागावा?