आधीची मूठ

यंदा ईस्टर ५ एप्रिलला आहे. पंडिता रमाबाई केडगावला वारल्या तोही ५ एप्रिलच, सन १९२२. पुनरुत्थानाचा रविवार आणि बाईंचा स्मृतिदिन एकाच तारखेला येण्याचा योग याआधी २०१५ मध्ये आला होता, पुढचा येईल २०३७ मध्ये. पहाटेची उपासना, मुलांचे नवे कपडे, दुपारचा मटणाचा बेत, या धांदलीत पाळकसाहेबांनी प्रार्थनेत बाईंचे नाव घेतले तरी खूप झाले.

त्याआधीचे चाळीस दिवस आपण उपवासकाळ पाळला. कोणी मांसाहार सोडला, कोणी चहातली साखर, तरुणांपैकी काहींनी मोबाइलवरच्या रील्स. सोडलेले सगळे रविवारी परत येते आणि यायला हरकतही नाही; सणाच्या दिवशी तोंड आंबट करून बसणे हा काही धर्म नव्हे. आम्हाला उत्सुकता आहे ती सोमवारची, ६ तारखेची. दुकानाचे शटर वर करताना, पगाराची वाटणी करताना, मुलाच्या क्लासची फी भरताना त्या चाळीस दिवसांतले काही हाताशी उरते का?

आमच्या आजीच्या चुलीजवळ, पिठाच्या डब्याला टेकून, आणखी एक लहानसा पत्र्याचा डबा असे. भाकरीसाठी परातीत पीठ घेण्याआधी ती एक मूठ त्या डब्यात टाकी. रविवारी ते पीठ चर्चमध्ये जाई आणि तिथून मंडळीतल्या एखाद्या गरजू घरी. भाकऱ्या झाल्यावर उरलेले पीठ टाकले असते, तर कधी कधी डबा जास्तच भरला असता. पण मूठ आधीची. घरात पीठ कमी असे त्या दिवशी भाकऱ्या पातळ होत, मूठ लहान होत नसे. दशांशावरची प्रवचने आम्ही पुष्कळ ऐकली, त्यातले फारसे आठवत नाही. त्या पातळ भाकऱ्या मात्र आठवतात.

रमाबाईंच्या आयुष्यात ही आधीची मूठ पुन्हा पुन्हा दिसते. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी निघालेले त्यांचे शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्याला आले. संस्थेत ख्रिस्ती धर्माचा प्रचार होणार नाही असा बाईंचा शब्द होता, सल्लागारांत रानडे, भांडारकरांसारखी माणसे होती. बाई आपल्या खोलीत लेकीबरोबर, मनोरमाबरोबर, प्रार्थनेला बसत तेव्हा दार उघडे असे. काही मुली येऊन शेजारी बसू लागल्या. पुण्यात ओरड झाली, ‘केसरी’ने झोडपले, तरी बाई दार लावून घ्यायला तयार झाल्या नाहीत. १८९३ मध्ये सल्लागार बाजूला झाले, बऱ्याच मुलींना घरच्यांनी काढून नेले. सल्लागारांची बाजू आम्हाला कळते. विश्वासाने सोपवलेल्या बालविधवांच्या घरात चालकाचे उघडे दार नुसते दार राहत नाही, त्याला वजन येते. हा वाद सव्वाशे वर्षांनंतरही एका बाजूने निकालात काढता येत नाही. पण सदन चालण्यासाठी प्रार्थना लपवायची नाही, हे बाईंनी ठरवले होते आणि त्याची किंमत मोजताना कुरकुर केली नाही. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून उपाशी मुली आणतानाही त्यांनी मुली आधी आणल्या, पैशाचा विचार मागून केला. स्वतःचे आईवडील दुष्काळात अन्नावाचून गेलेले त्यांनी पाहिले होते.

आम्हाला सर्वांत जास्त थबकवतात ती मात्र त्यांची अखेरची वर्षे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी जिला विसाव्या वर्षी ‘सरस्वती’ म्हटले, भागवत जिच्या जिभेवर होते, त्या बाईने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि ते करताना संस्कृत बाजूला ठेवले. तेव्हाच्या मराठी बायबलातले जड शब्द केडगावच्या मुलींना, खेड्यातल्या बायकांना पेलत नव्हते. पंडितेने आयुष्यभराची कमाई असलेली पंडिती त्यांच्यासाठी खाली उतरवून ठेवली.

छापखाना बाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचाच होता, चालवीत बायकाच. देवनागरीचे खिळे जुळवणे हे किती किचकट काम, हे जुन्या जुळाऱ्यांना विचारावे. काना, वेलांटी, जोडाक्षरे यांचे निरनिराळे खण, प्रत्येक अक्षर उलटे, बोटांना शिशाची काजळी. रफार राहिला की ‘धर्मा’चा ‘धम’ होतो. दुष्काळातून आलेल्या मुलींचे हे घर. त्यांतल्या कितीतरी जणींना केडगावला येण्याआधी अक्षर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. तिथे बायका हिब्रूतून मराठीत आलेला मजकूर ओळीत बसवत होत्या. बाईंना ऐकू येईनासे झाले होते. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. मुद्रिते तपासणे थांबले नाही. ते हातावेगळे झाल्यावर बाई फार दिवस जगल्या नाहीत. पुस्तक छापून आले १९२४ मध्ये.

हे भाषांतर पुढे मंडळ्यांत रुळले नाही. आपल्याकडे व्यासपीठावर असते ती बायबल सोसायटीची प्रत. खरे सांगायचे तर मुळाला शब्दशः धरून राहण्याच्या हट्टापायी बाईंची वाक्ये जागोजागी अडखळतात. पुढे किती खपेल, किती टिकेल हे पाहून काम निवडायचे असते, तर बाईंनी हे काम निवडलेच नसते.

आपली निवड कशी होते? मागे एका मंडळीचा वार्षिक जमाखर्च आमच्या हाती आला. जागेच्या कज्जातल्या वकिलांची फी आणि विधवांना दिलेली मदत, दोन्ही रकमा एकाच पानावर होत्या. फीची रक्कम पानावरही वर होती आणि आकड्यानेही. मंडळीचे नाव सांगत नाही. न सांगितल्याने दोन-तीन पंचकमिट्या तरी दचकतील, तेवढाच फायदा. घरचे पान काही वेगळे नसते. आधी घराचा हप्ता, क्लास, हॉटेल, गाडीचे पेट्रोल, लग्नाच्या हॉलचा आगाऊ भरणा, आणि रविवारी दानपिशवी समोर आली की खिशात चाचपडून निघेल ती नोट. वेळेचेही तेच. सगळे उरकल्यावर डोळे मिटत असताना होते ती संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना.

आजीचा तो पत्र्याचा डबा आमच्याकडे अजून आहे, झाकण थोडे चेपलेले. हा मजकूर लिहिताना काढून पाहिला. आत कपाटाच्या चाव्या, दोन जुने चार्जर आणि विजेची बिले आहेत.