घरातल्या जुन्या संगणकासाठी हलका प्लेअर



फजरच्या नमाजनंतर अम्मी तिलावत ऐकत बसते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर तिला नीट दिसत नाही, त्यामुळे पढणं कमी झालं आणि ऐकणं वाढलं. माझ्या मुलीने तिला मोबाईलवर एक ॲप लावून दिलं होतं. एका सकाळी सूरह अर्ध्यावर आली असताना मध्येच साबणाची जाहिरात सुरू झाली, तीही गाण्यासकट. अम्मी दचकली. ‘‘ये कौन बोलती बीच में?’’ तिला ते बंद करता येईना. तिलावत चालू असताना गप्प बसून ऐकावं, हे आम्हा भावंडांना तिनेच शिकवलेलं. त्या सकाळी तिचा चेहरा बघून मी ठरवलं की यावर काही तरी उपाय करायचा.

दुसरंही एक कारण होतं. अब्बांनी पढलेल्या सूरह यासीनची एक साठ मिनिटांची कॅसेट कपाटात होती. अब्बांना जाऊन बरीच वर्षं झाली. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून जुना कॅसेट प्लेअर दुरुस्त करून आणला, त्याची वायर संगणकाला जोडली आणि ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रोग्रॅमवर कॅसेट उतरवून घेतली. दुसऱ्या बाजूची फीत खराब झाली होती, पहिली बाजू वाचली. अब्बांचा आवाज बारीक येतो आणि मागे तांबट आळीतली ठोकठोक ऐकू येते. हा आवाज जगातल्या कुठल्याही ॲपवर मिळणार नाही. तो आमच्याच घरात आहे आणि आम्हीच सांभाळला तर राहील.

संगणक म्हणाल तर मुलांच्या ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला, सेकंडहँड, दोन जीबी रॅमचा. त्यात विंडोज १० आहे आणि कंपनीने त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. असा संगणक नेटला न जोडलेलाच बरा. पण फक्त ऐकण्यासाठी तो अजून चांगला आहे. म्हणून मला प्लेअर असा हवा होता की जो नेटशिवाय चालेल, खातं उघडायला सांगणार नाही, जाहिरात दाखवणार नाही आणि जुन्या संगणकाला झेपेल.

याला सगळे ‘म्युझिक प्लेअर’ म्हणतात. संगीताबद्दल आपल्या घराघरांत मत वेगळं असतं, त्या वादात मी शिरत नाही. कुणाकडे फक्त तिलावत आणि नात असेल. कुणाकडे मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात विसावलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या उतरवलेल्या असतील. प्लेअर म्हणजे नुसती पेटी. तिच्यात काय ठेवायचं ते घरच्यांनी ठरवावं.

दोन प्लेअर मी महिनाभर वापरून पाहिले.

पहिला व्हीएलसी. नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चित्र असलेला हा प्रोग्रॅम बहुतेकांच्या ओळखीचा आहे. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली हे काम सुरू केलं आणि २००१ पासून त्याचा मूळ कोड सर्वांना खुला झाला. जवळजवळ कुठलीही फाइल द्या, तो वाजवतो. स्पेसबार दाबला की थांबतो, पुन्हा दाबला की चालू. शिक्षिका म्हणून मला त्याची आवडलेली सोय म्हणजे वेग. चौकोनी कंसाच्या दोन बटणांनी आवाज सावकाश किंवा जलद करता येतो आणि सावकाश केला तरी आवाज जाडा होत नाही. उर्दू शुद्धलेखनाला आणि हिफ्झ करणाऱ्या मुलांना हे फार कामाचं आहे. एखादा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवण्याची सोयही आहे. पहिल्यांदा उघडल्यावर तो नेटवरून माहिती आणू का असं विचारतो, तिथली खूण काढून टाकावी.

दुसरा फूबार २०००. नाव विचित्र, रूप त्याहून साधं, करड्या रंगाची एक यादी आणि वर चार बटणं. पूर्वी विनॅम्पच्या कंपनीसाठी काम केलेल्या पीटर पावलोव्स्की यांनी तो २००२ च्या अखेरीस बाहेर आणला. तो मोफत आहे, पण व्हीएलसीसारखा त्याचा कोड खुला नाही. डाउनलोड व्हीएलसीपेक्षा बराच लहान आहे. शिवाय बसवताना ‘पोर्टेबल’ हा पर्याय निवडला तर सगळा प्लेअर एका फोल्डरमध्ये मावतो आणि तो फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून नेता येतो. आमच्या जुन्या संगणकावर तो लगेच उघडतो.

अम्मीसाठी मी फूबार निवडला, त्याची कारणं दोन. पहिलं असं की आयत-आयत वेगळी फाइल असेल तर काही प्लेअर दोन फाइलींमध्ये क्षणभर अडखळतात. व्हीएलसीच्या तीनच्या मालिकेतही हा खंड पडतो. फूबार सलग वाजवतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. अब्बांचा आवाज बारीक आणि त्यानंतरची स्टुडिओतली नात कानठळ्या बसवणारी. अम्मी प्रत्येक वेळी दचकायची. फूबारमध्ये सगळ्या फाइली निवडून उजवं बटण दाबलं की ‘रिप्लेगेन’ असा पर्याय येतो. त्याने तपासणी केली की प्रत्येक फाइलचा आवाज किती मोठा आहे हे मोजून तो आकडा फाइलीत नोंदवला जातो आणि वाजवताना सगळे आवाज एका पातळीवर येतात. मूळ ध्वनीला धक्का लागत नाही. अब्बांचा आवाज आहे तसाच राहिला, हे माझ्यासाठी मोलाचं.

उणीवही सांगते. वेग कमी करायचा तर फूबारला वेगळा जोडभाग लावावा लागतो. सेटिंगची पानंही इतकी आहेत की नवखा माणूस गोंधळतो. म्हणून शाळेच्या कामाला मी व्हीएलसीच वापरते. तुमच्या घरी एकच ठेवायचा असेल आणि मुलं शिकणारी असतील, तर व्हीएलसी पुरेसा आहे.

कोणताही घ्या, थोडी काळजी घ्या. डाउनलोड मूळ ठिकाणाहूनच करावं. व्हीएलसीसाठी व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग, दुसऱ्यासाठी फूबार२००० डॉट ऑर्ग. शोधल्यावर वर येणाऱ्या इतर ठिकाणी प्लेअरबरोबर नको ते प्रोग्रॅमही घुसतात. सूरहच्या फाइलींना ००१ ते ११४ असे तीन आकडी क्रमांक द्यावेत, म्हणजे यासीन ०३६. नुसते १, २, ३ दिले तर पुष्कळ उपकरणांत १ नंतर १०, मग १०० येतो आणि क्रम बिघडतो. ऐकण्यासाठी १२८ केबीपीएसची एमपीथ्री पुरते. तासाभराला साधारण ५८ एमबी लागतात, म्हणजे चार जीबीच्या पेनड्राइव्हवर साठ तासांहून जास्त मावतं. मात्र घरच्या माणसाचा आवाज असेल तर एक प्रत ‘फ्लॅक’मध्येही ठेवावी. ती जागा जास्त घेते, पण आवाजातलं काही कापत नाही. आणि प्रती दोन ठिकाणी असाव्यात, एक संगणकावर आणि एक बहिणीकडे किंवा भावाकडे.

अम्मीच्या संगणकावर आता पडद्यावर एकच चित्र आहे. स्पेसबारवर मी खरखरीत कापडाची पट्टी चिकटवली आहे आणि थांबवण्या-चालवण्याचं काम फूबारच्या सेटिंगमध्ये त्याच बटणाला दिलं आहे. पट्टी हाताला लागली की अम्मी दाबते. परवा अजान सुरू झाली तेव्हा मी स्वयंपाकघरातून धावत आले, तर तिने आधीच थांबवलं होतं. अजान संपली, तिने दुआ पढली, पट्टी चाचपली आणि अब्बांचा आवाज जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला.

तुमच्या घरातही पेटीच्या तळाशी, माळ्यावर, एखाद्या पिशवीत अशी कॅसेट असेल. नानांनी सांगितलेली गोष्ट, दादीची दुआ, कुणाच्या निकाहचा खुतबा. फीत दरवर्षी थोडी थोडी खराब होते. ती या महिन्यात शोधून काढा. प्लेअर काय, फुकट मिळतो.