घाव इच्छाशक्तीवरच

नाशिकजवळच्या शिंदे गावात २०२३ साली आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत फेब्रुवारी २०२४ मध्ये मेफेड्रोन बनविणारे कारखाने पोलिसांनी उघडकीस आणले. 'एमडी' या नावाने विकली जाणारी ही भुकटी केवळ सीमेपलीकडून येते, हा आपला भाबडा समज तेव्हा मोडीत निघाला. छाप्यांच्या बातम्या आपण चवीने वाचल्या. पण ही पुडी मेंदूत शिरून नेमके काय करते, हे किती पालकांना ठाऊक आहे?

परीक्षेतील यश, आवडते जेवण, आईची शाबासकी यांनी मेंदूत डोपामिन नावाचे रसायन बेताने पाझरते आणि काम झाले की पेशी ते परत शोषून घेतात. मेफेड्रोन ही परतीची वाट अडविते, शिवाय साठ्यातले डोपामिन व सेरोटोनिन एकदम बाहेर लोटते. उत्साह ओसंडतो, झोप आणि भूक पळते, नाडी व रक्तदाब चढतो, जबडा आवळला जातो. दोन-तीन तासांत हा भर ओसरला की उरते ती उदासी आणि चिडचिड. ती सोसवत नाही म्हणून लगेच दुसरी मात्रा घेतली जाते. हे वारंवार घडले की मेंदूची आनंद टिपण्याची क्षमताच मंदावते. खेळ, मित्र, घरची दिवाळी, सारेच फिके वाटू लागते. काहींना भास होतात, जन्मदात्यांचाही संशय येतो.

मोह आवरणारा, परिणाम तोलणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो आणि तो पंचविशीच्या सुमारास पक्व होतो. व्यसन नेमके त्यालाच दुबळे करते. म्हणजे 'मनाचा निग्रह कर' असे ज्या मुलाला आपण बजावतो, त्याचे निग्रहाचे साधनच जायबंदी झालेले असते. त्याची जबाबदारी यामुळे संपत नाही. परंतु शपथा, मारझोड आणि खोलीत कोंडणे हे उपचार नव्हेत. 'लग्न केले की सुधारेल' हा तोडगा तर परक्याच्या लेकीवर केलेला अन्यायच आहे.

उपाय उपलब्ध आहेत. डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' उभे केले, ते व्यसनी हा रुग्ण आहे, हे मानूनच. अमली पदार्थविरोधी कायद्याचे ६४-अ हे कलमही अल्प प्रमाणातील गुन्ह्याचा वा सेवनाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण देते. तरीही घरे गप्प राहतात. लोक काय म्हणतील, या एका भयाने उपचारांची मोलाची वर्षे वाया जातात आणि विक्रेत्याला आयतीच शांतता मिळते.

येथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. स्वयंपाकघरापर्यंत ज्याची ओळख आहे, त्याला शाखेत वा मैदानावर येईनासा झालेला मुलगा पोलिसांच्या आधी दिसतो. त्याने त्या घरी एकट्याने जावे, चर्चा बाहेर नेऊ नये, पहिल्या भेटीत उपदेश टाळावा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक त्या माउलीच्या हाती द्यावा, आणि केंद्रात जायचे ठरेल त्या दिवशी सोबत जावे.