घरचे दारूकाम

दिवाळी जवळ आली म्हणजे वैनगंगेकाठच्या गोसीखुर्दासारख्या गावीही एखाद्या हौशी तरुणास शोभेची दारू स्वहस्ते करावीशी वाटते, व तो द्रव्यांचे भाव ताडून पाहू लागतो. सोरा, गंधक आणि कोळसा ही जुनी त्रयी; सोऱ्याच्या जागी पोटॅशियम क्लोरेट घेण्याचा मोहही काहींस होतो. परंतु क्लोरेट व गंधक एकत्र आले की नुसत्या घर्षणानेही पेट घेतात. म्हणूनच सरकारने १९९२ साली या मिश्रणास मनाई केली. भावांच्या तक्त्यात ही जोखीम कोणी मांडीत नाही.

याच भंडारा जिल्ह्यात, जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात, २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट होऊन आठ कामगार मृत्यू पावले. जेथे शिकलेले हात व कडक शिस्त, तेथे ही गत. मग माजघराची काय कथा? शिवाय परवान्यावाचून दारू करणे हा गुन्हा होय.

मुलांचे कुतूहल मात्र मारू नये, असे आम्हांस वाटते. शाळेच्या प्रयोगशाळेत, गुरुजींच्या देखरेखीखाली, मिठाचा कण ज्योतीत धरिला असता ती पिवळी होते, मोरचुदाने हिरवट. आतषबाजीच्या रंगांचे मर्म तेच. आणि हात शाबूत राहतात.