‘परवानगी नाही’

— एस. वाय. बी. ए. (मराठी)

कला शाखेच्या मुलीने वार्षिक अंकात कवितेवर लिहावे, फार तर हुंड्यावर लिहावे, अशी आपली एक समजूत आहे. कॉम्प्युटरच्या फोल्डरवर लिहिलेला लेख पाहून संपादक महाशय कपाळाला हात लावतील, हे मी जाणून आहे. परंतु गेले चार महिने माझ्या डोक्यात दुसरा विषयच नाही. आणि वर्गातल्या निदान सात-आठ जणांनी तरी मला गाठून, “तुझं ते कुलूप कसं निघालं ग?” असे विचारले आहे. तेव्हा एकदाच काय ते सांगून टाकावे, हे बरे.

माझ्याकडे जो कॉम्प्युटर आहे तो माझ्या आतेभावाचा जुना. त्याने नवा घेतला आणि हा आमच्या घरी आला. आमच्या घरात मी पहिलीच कॉलेजात जाणारी. त्यामुळे कॉम्प्युटर आला तसा गावातल्या अर्जांचा कारभारही माझ्याकडे आला. कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कोणाचा उत्पन्नाचा दाखला, कोणाच्या मुलीचा प्रवेश. कागद मोबाइलवर टिपायचे, कॉम्प्युटरवर चढवायचे आणि ‘घर’ नावाच्या एका फोल्डरात नीट नावे घालून ठेवायचे. दिवाळीपर्यंत एकेचाळीस कुटुंबांचे कागद त्यात जमा झाले होते. माझे स्वतःचे पहिल्या वर्षाचे निबंध आणि टिपणेही तिथेच.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुधारणा थांबली, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. आमचे यंत्र मात्र त्या कारणाने नव्हे, वयोमानानेच बसले. एके सकाळी विंडोज सुरूच होईना. तालुक्याच्या दुकानात नेले. दुकानदारांनी एक लहान नवी डिस्क बसवली, तिच्यावर विंडोज नव्याने घातले आणि जुनी डिस्क तशीच आत ठेवून ‘डी’ म्हणून जोडून दिली. “तुमचा डेटा जसाच्या तसा आहे,” असे त्यांनी सांगितले आणि ते खरेच होते. घरी येऊन मी माझे जुने फोल्डर उघडायला गेले, तर यंत्र म्हणते, सध्या तुम्हाला या फोल्डरमध्ये जाण्याची परवानगी नाही.

दादा (म्हणजे माझे वडील, ते बाजार समितीत हमाली करतात) मागे उभे होते. त्यांना इंग्रजी येत नाही, मी वाचून दाखवले. ते म्हणाले, “तुझंच हाय ना ते? मग तुलाच का आडवतंय?”

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. खरे सांगायचे तर तो प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. मला वाटले, माझेच काहीतरी चुकले. ‘परवानगी नाही’ हे शब्द वाचले की आमच्यासारख्यांची पावले आपोआप मागे फिरतात. काउंटरच्या काचेमागून कोणी ‘नाही’ म्हटले की ‘का नाही’ असे विचारायची सवय घरात कोणाला नव्हती, ती मला कोठून असणार? दुकानात पुन्हा गेले. डेटा काढून द्यायला बाराशे रुपये पडतील असे कळले. बाराशे रुपये नव्हते. शेजारच्या मुलीच्या शिष्यवृत्तीची मुदत चार दिवसांवर आली होती आणि तिचे कागद आत अडकले होते.

मग मी अर्धवट ज्ञानाने जे केले ते सांगते, कारण तीच चूक बहुतेक जण करतात. पडद्यावर ‘कंटिन्यू’ असे एक बटन येते. ते दाबले. बराच वेळ हिरवी पट्टी सरकत राहिली आणि वरचे फोल्डर उघडले. मला आनंद झाला. नवी डिस्क लहान म्हणून मी ‘घर’ फोल्डर त्याच जुन्या डिस्कवर, पण वरच्या पायरीवर, कापून चिकटवले. वाटले, जागा बदलली, आता ते माझे झाले. कसचे काय! काही फाइली उघडल्या, पण त्यांत बदल करून जतन करू म्हटले की नकार. काही उघडल्याच नाहीत. एकाच फोल्डरातल्या दोन भावंडांसारख्या फाइली, एक बोलते आणि दुसरी तोंड फिरवते.

याचा उलगडा आमच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या सहायक दादांनी केला. त्यांनी फोल्डरवर उजवे बटन दाबून ‘प्रॉपर्टीज’ आणि त्यातले ‘सिक्युरिटी’ उघडून दाखवले. तिथे मालक म्हणून माझे नाव असायला हवे होते. त्याऐवजी ‘एस-१-५-२१’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक आकडा होता. ते म्हणाले, “हीच तू. म्हणजे जुन्या विंडोजमधली तू.”

गोष्ट अशी आहे. विंडोज आपल्याला नावाने ओळखत नाही, आकड्याने ओळखते. खाते उघडले की त्याला एक आकडा मिळतो आणि प्रत्येक फाइलच्या कपाळी तो आकडा मालक म्हणून लिहिला जातो. शिवाय कोणी वाचावे, कोणी लिहावे, कोणी पुसावे याची एक यादीही तिला चिकटलेली असते. विंडोज नव्याने घातले की नव्या खात्याला नवा आकडा. मी तेच नाव दिले होते, स्पेलिंगसुद्धा तेच. पण यंत्राच्या लेखी जुनी मी नाहीशी झाली होती आणि नवी मी कोणी परकी बाई होते.

घरी येऊन दादांना हे सांगू लागले, तर मला वाटले होते तितके समजवावे लागलेच नाही. आजोबा २००९ साली गेले. त्यांच्या नावावर बावीस गुंठे जमीन. दादा ती कसत होते, पेरत होते, पीक घरी आणत होते. पण सातबाऱ्यावर नाव आजोबांचेच. वारस नोंदीचा अर्ज करावा लागतो हेच आम्हाला ठाऊक नव्हते, त्यामुळे ती २०१६ साली झाली. तोवर सोसायटीचे पीककर्ज काढता आले नाही. दादा म्हणाले, “म्हंजे कसायला येतीय, पर कागुद मेलेल्या मान्साच्या नावावर.” मी म्हटले, अगदी तसेच. फाइल वाचता येते, पण तिच्यात लिहिता येत नाही, कारण फेरफार झालेला नाही. कॉम्प्युटरच्या पुस्तकात इतके नेमके वाक्य मला अद्याप सापडलेले नाही.

आणि मी जे कापून चिकटवले त्याचा घोटाळाही असाच. एकाच डिस्कवर फाइल इकडून तिकडे हलवली तर ती आपली जुनी यादी पाठीवर घेऊन जाते. यंत्र फक्त तिचा पत्ता बदलते. नक्कल केली, किंवा एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हलवली, तर तिथे ती नव्याने लिहिली जाते आणि ज्या फोल्डरात उतरली त्याचे नियम तिला लागू होतात. वाचण्यापुरती परवानगी मिळाल्यावर मी ‘घर’ची नक्कल नव्या डिस्कवर घेतली असती तर निम्मी कटकट वाचली असती. पेन ड्राइव्हवरून आणलेल्या फाइली कुठेही बिनतक्रार का उघडतात, हेही तेव्हाच कळले. बहुतेक पेन ड्राइव्हवर जी जुनी साधी मांडणी असते तिच्यात मालकाचा रकानाच नसतो. मालकाचा रकाना असलेली मांडणी मायक्रोसॉफ्टने १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आणली. युनिक्समध्ये तर मालक, गट आणि इतर अशी वाटणी कितीतरी आधीपासून आहे.

उपाय तसा दोन पायऱ्यांचा आहे, मात्र क्रम महत्त्वाचा. आधी मालकी, मग परवानगी. ‘सिक्युरिटी’मधल्या ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘ओनर’पुढील ‘चेंज’ दाबायचे, आपले आत्ताचे नाव घालायचे आणि खाली आतल्या सर्व फोल्डरांचा व फाइलींचा मालक बदलण्याची जी चौकट असते तिच्यात खूण करायची. ही खूण विसरली की उंबरठा आपला आणि आतल्या खोल्या परक्याच राहतात. खिडकी बंद करून पुन्हा उघडायची. मग आतल्या सगळ्यांच्या जुन्या याद्या काढून वरच्या फोल्डरचीच यादी खाली लागू करणारी चौकट निवडायची. हेच काम काळ्या पडद्यावर ‘टेकओन’ आणि ‘आयकॅक्ल्स’ या दोन आज्ञांनी होते. सहायक दादांना तीच पद्धत पसंत. माझे सगळे फोल्डर उलगडायला अकरा मिनिटे लागली. शेजारच्या मुलीचा अर्ज त्याच रात्री गेला.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगते. हा प्रयोग फक्त आपल्या स्वतःच्या फोल्डरवर करावा. अख्ख्या ‘सी’ डिस्कवर किंवा विंडोजच्या फोल्डरवर केला तर चालते यंत्र बंद पडेल. आणि कंटाळून ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन टाकू नये. आमच्या वसतिगृहातल्या एका मैत्रिणीने तसे केले आहे आणि ती सर्वांना तेच शिकवीत फिरते. दार उघडत नाही म्हणून भिंत पाडण्यासारखे आहे ते.

आता जरा रागाने लिहिते. आपल्या अभ्यासक्रमात संगणक आहे. आपण त्यात पत्र टंकायला शिकतो, तक्ते आखायला शिकतो, चित्रफिती सरकवायला शिकतो. आपली फाइल आपली कशी असते, हे मात्र एका तासिकेतही कोणी सांगत नाही. ज्यांच्या घरी जाणते कोणी आहे त्यांना ते जेवताना कळते. आम्हाला ते बाराशे रुपयांना कळते. आणि तो पडद्यावरचा मजकूर तरी काय लिहिलेला! ‘हे फोल्डर जुन्या खात्याच्या नावावर आहे, तुमच्या नावावर करायचे काय?’ एवढे लिहिले असते तर माझ्या दादांनाही समजले असते.

पण माझा राग जसा ओसरला तशी मला भीती वाटू लागली, आणि खरे तर हा लेख त्या भीतीपोटी लिहिला आहे. अकरा मिनिटे! जुन्या खात्याचा पासवर्ड कोणी मला विचारला नाही. म्हणजे ती डिस्क काढून दुसऱ्या कोणत्याही यंत्राला लावली, तर तिथला धनी याच दोन पायऱ्यांनी एकेचाळीस घरांची आधारकार्डे, बँकेची पासबुके, सातबारे वाचू शकतो. मी ज्याला कुलूप समजत होते ती नुसती कडी होती. बाहेरून ढकलली की निघणारी. खरे कुलूप म्हणजे मजकूर सांकेतिक करून ठेवणे. तसा ठेवला असेल तर मालकी बदलून काही उपयोग होत नाही, किल्ली असेल तरच उघडते. आणि किल्ली हरवली तर मूळ मालकालाही ते बंदच. तेव्हा ती किल्ली दुसरीकडे जपून ठेवायला हवी, हे ओघाने आलेच.

गावोगावी माझ्यासारखी अर्ज भरून देणारी मुले-मुली आहेत. या महाविद्यालयातच डझनभर तरी असतील. लोक आपल्या हाती कागद देतात ते आपण शिकलेलो आहोत म्हणून. काम झाल्यावर ते कागद आपल्या डिस्कवर का पडून राहावेत, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. ‘पुढच्या वर्षी लागतील’ हे माझे उत्तर असे, आणि ते अगदीच खोटे नाही. आता मी प्रत्येक घरी जाऊन विचारते. ज्यांनी ठेवू नको म्हटले त्यांचे पुसले. ज्यांनी ठेव म्हटले त्यांचे ‘सेव्हन-झिप’ या फुकट मिळणाऱ्या साधनाने पासवर्ड घालून बांधून ठेवले. एका आजींनी उलट मलाच विचारले, “माझा कागुद तुज्याकडं हाय? कवापास्नं?” त्यांच्या नातवाचा अर्ज भरून दीड वर्ष झाले होते.

पंधरवड्यापूर्वी दुकानदार काकांना सांगायला गेले की, काम झाले, माझे मीच केले. माणूस वाईट नाही. त्यांनी कौतुक केले, चहा मागवला. म्हणाले, “ताई, उगीच त्रास घेतला. डिस्क लावायच्या आधी तुमच्या सगळ्या डेटाची कॉपी काढून ठेवलीय मी. सेफ्टीसाठी. सगळ्यांचीच ठेवतो.” मग बाराशे रुपये कशाचे, हे मी विचारले नाही. ती कॉपी माझ्यासमोर पुसा, एवढेच म्हटले. त्यांनी फोल्डर शोधले, पुसले आणि मी सांगितल्यावर रिसायकल बिनही रिकामा केला. तेवढ्याने डिस्कवरचा मजकूर लगेच खरोखरीचा जात नाही, त्याच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो परत काढता येतो, हेही मला आता माहीत आहे. ते म्हणाले, “झालं समाधान?” त्यांच्या पडद्यावर त्या फोल्डरच्या खाली आणखी तीस-चाळीस फोल्डर होते. प्रत्येकावर कोणाचे ना कोणाचे नाव होते, आणि त्यांतली दोन आपल्या महाविद्यालयातल्या मुलांची होती. त्यांना मी सांगितले आहे.