शंकरपट असावा, पैज नसावी

धानाची मळणी उरकली कीं झाडीपट्टींतील शेतकऱ्यास चार दिवस उसंत मिळते, आणि त्या उसंतींत चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत गांवोगांवीं शंकरपट भरूं लागतात. दिवसा बैलजोड्यांची धांव, रात्रीं मंडपांत नाटक आणि घरोघर लेकी-जावयांचा व सोयऱ्यांचा राबता, असा हा सोहळा. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यतींस मनाई केली. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं कायदा दुरुस्त केला, तरी प्रत्यक्ष मोकळीक मिळण्यास १६ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें तो कायदा वैध ठरविला. पट पुनः सुरू झाला. आतां त्याला नवा प्रेक्षक कसा मिळावा, हा प्रश्न आहे. आणि त्याचें जें उत्तर कांहीं मंडळी देतात तें आम्हांस घातक वाटतें.

त्यांचें म्हणणें असें कीं, पैजेवांचून पटास रंग नाहीं. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर १८८३ सालापासून घोडे धांवत आले, त्यांवर लोक राजरोस पैसे लावतात, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही १९९६ सालीं घोड्यांच्या शर्यतीस कौशल्याचा खेळ म्हटलें. मग श्रीमंताच्या घोड्यास जें चालतें तें शेतकऱ्याच्या बैलास कां चालूं नये?

ह्या युक्तिवादांतील समतेची भाषा कानास गोड लागते, परंतु ती फसवी आहे. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यांतील सवलत परवाना असलेल्या घोड्यांच्या शर्यतींस आहे. बैलांच्या शर्यतीस ती नाहीं. महालक्ष्मीची पैज आवारांत लागते, तिची नोंद होते, पावती मिळते, सरकारास कर जातो. ती तेवढ्यानें हितकर ठरते असें आम्ही म्हणत नाहीं. पण निदान तिला हिशेब आहे. पटावरील पैज गर्दींत तोंडी लागते आणि हरणाऱ्यानें ती उसनवारीनें फेडली तर तिची झळ घरच्या चुलीस लागते. श्रीमंताचें व्यसन गरिबाच्या दारीं आणून बसविणें ह्यास समता म्हणत नाहींत.

शिवाय पैजेनें प्रेक्षक वाढतो हेंच मुळीं खरें नाहीं. आमच्याच जंगलांत चोरून भरणारे कोंबडबाजार पाहा. तेथें पैसा खेळतो, पण बायकामुलें जात नाहींत, नाटक होत नाहीं, सोयरीक जुळत नाहीं. पोलिसांची चाहूल लागतांच मैदान ओस पडतें. पटाची गर्दी निराळी आहे. ती जोडीच्या कीर्तीसाठीं, धुरकऱ्याच्या हातोटीसाठीं, नाटकासाठीं आणि एकमेकांच्या भेटीसाठीं येते. मेलबर्न शहरीं चषकाच्या शर्यतीस नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारीं सार्वजनिक सुटी असते. तेथें पैजा मोठ्या लागतात हें खरें. तथापि घोड्यांतलें कांहीं न कळणारा मनुष्यही त्या दिवशीं बाहेर पडतो, तो सणासाठीं. आमच्यापाशीं असा सण आयता आहे.

आणि बैलांचें काय? जोडीवर रक्कम लागली कीं तिला कसेंही करून पळविण्याचा मोह होतो. मग शेपटी पिरगाळणें, आर टोंचणें, विजेचा झटका देणें हे प्रकार आलेच. ह्याच क्रौर्यामुळें पट एकदां बंद झाला होता. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी अटींवर मिळते हें विसरून जो पैज लावतो, तो पटाचा शत्रु होय.

तेव्हां प्रेक्षक वाढवावयाचा तर उपाय सरळ आहेत. प्रत्येक धांवेची वेळ सर्वांस दिसेल अशी दाखवावी. जोडीचें, मालकाचें व गांवाचें नांव पुकारावें. वर्गणीचा व बक्षिसांचा हिशेब फलकावर लिहावा. पशुवैद्याच्या तपासणीवांचून जोडी मैदानांत सोडूं नये. स्त्रियांस बसण्यास सावली व प्यावयास पाणी असावें. रात्रींच्या नाटकास देसाईगंज-वडसा येथील मंडळ्या आहेतच. झाडीपट्टीच्या रंगभूमीवरील डॉ. परशुराम खुणे ह्यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, एवढा ह्या कलेचा लौकिक आहे.

पैज कायद्यानें बंद आहेच, मग आणखी काय हवें, असें कोणी विचारील. चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं आलेली दारूबंदी २०२१ सालीं उठली. गडचिरोलींत १९९३ सालची बंदी टिकली, कारण तिच्यामागें गांवोगांवच्या लोकांचा आग्रह उभा राहिला. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवानें २००९ सालीं आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळवून ग्रामसभेची ताकद दाखविली. जी ग्रामसभा जंगल सांभाळूं शकते, तिला पटाचें मैदान सांभाळणें जड नाहीं.

शेवटची विनंती वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही व मूल येथील व्यापारी बंधूंस. पटाचीं बक्षिसें बहुधा आपल्या देणगींतून उभीं राहतात. ती देणगी देतांना एकच अट घाला: ज्या मैदानावर पैज लागेल, तेथें आमचा रुपया येणार नाहीं. उधारी बुडविणारें गिऱ्हाईक पैजेनेंच तयार होतें, हें व्यापाऱ्यास आम्हीं सांगावें असें नाहीं.